डावा पाय

पेडल खाली गेलं आणि गाडी थांबलीच नाही, असं बाबालाल नंतर ज्यानं विचारलं त्याला सांगत राहिला. सांगताना शब्दही बदलत नव्हता. फाल्गुनातली सकाळ होती, कारखान्याचा हंगाम अजून उरकला नव्हता, आणि कसबा बावड्याच्या वळणावर उसाच्या बैलगाड्या एकामागं एक खोळंबल्या होत्या. त्याच्या जुन्या पिकअपच्या हौद्यात भुशात आणि ओल्या पोत्यांत गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या होत्या. पुढची बैलगाडी थांबली तसा त्यानं डाव्या पायानं क्लच दाबला आणि गिअर काढायला हात घातला. गिअर निघाला नाही. पिकअप हट्टी जनावरासारखी पुढं सरकत राहिली. उसाच्या मोळ्यांवर आदळू नये म्हणून त्यानं स्टेअरिंग बाजूला मारलं, मग ब्रेक दाबला. इंजिन आचके देऊन बंद पडलं. तोवर पुढचं चाक झुंबरबाईच्या पाटीवरनं गेलं होतं. झुंबरबाई रोज त्या वळणावर काकड्या घेऊन बसायची. जाता-येता ती हात वर करायची, तो हॉर्न वाजवायचा, आणि ऊन वाढलं की पोत्यातला एखादा बर्फाचा तुकडा तिच्या तांब्यात टाकायचा. आता चाकाखालनं काकड्या चिरडल्याचा ओला वास येत होता आणि तिच्या लुगड्याचा काठ टायरखाली अडकला होता. ती तशीच, अर्धवट उठलेली, काठ हातात धरून उभी होती. माणसं गोळा झाली, गाडी मागं ढकलली, काठ सुटला. तिला कुठं खरचटलंही नव्हतं. बाबालाल खाली उतरून काहीतरी बोलायला गेला, तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, “मला वाटलं तू थांबशील. म्हणून उठले न्हाई.”

ती शिव्या देती तर बरं झालं असतं. चार माणसांनी हात लावून गाडी त्याच्या घरापर्यंत ढकलत नेली. तो बाहेरनं एका हातानं स्टेअरिंग धरून चालत होता आणि तेवढं एकच वाक्य त्याच्या बरोबरीनं चालत होतं. क्लच गेलाय, माणसं म्हणत होती. जुनं धूड, तेल गळत असंल. व्हय, तो म्हणत होता, पेडल खाली गेलं न् गाडी थांबलीच न्हाई. पण म्हणताना प्रत्येक वेळी त्याच्या मनात तोच क्षण परत उघडायचा आणि त्यात एक जागा रिकामी सापडायची. त्यानं पाय उचलला होता हे त्याला आठवत होतं. मांडीला आठवत होतं, गुडघ्याला आठवत होतं. घोट्याच्या खाली मात्र काहीच नव्हतं. तळव्याला पेडल लागलं होतं का? रबराचा खडबडीतपणा, स्प्रिंगचा जोर, यातलं काही? आठवायचा प्रयत्न केला की झोपेत ऐकलेल्या बोलण्यासारखं होई: काहीतरी झालं असणार एवढंच कळायचं. पेडल खाली गेलं असेल. किंवा पाय पेडलवर गेलाच नसेल, शेजारच्या पत्र्यावर पडला असेल, आणि तो तिथं पत्रा दाबत बसला असेल.

दिवाळीपासनं डावा तळवा असा झाला होता. ओल्या पोत्यात पाय गुंडाळून ठेवल्यासारखा. सुरुवातीला त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. सोळा-सतरा वर्षांचा होता तेव्हापासनं तो बर्फाच्या कारखान्यात अनवाणी लाद्यांवर चढत आला होता. बर्फ पायातनं वर चढतो, पोटऱ्या बधिर करतो, आणि दुपारच्या उन्हात मुंग्या येऊन सगळं परत जागेवर येतं, हे त्याला ठाऊक होतं. आता मुंग्या यायच्या नाहीत एवढंच. मग एकदा लक्ष्मीपुरीत दुधवाल्याकडं लादी टाकून परत येताना मागनं कुणीतरी हाक मारली होती, “पावणं, चप्पल राहिली की मागं.” त्यानं खाली बघितलं. डावा पाय उघडा होता. तो तसाच धुळीतनं, खड्यांवरनं बराच पुढं आला होता. हसत परत जाऊन चप्पल घातली, आणि त्या दिवसापासनं त्यानं डाव्या चपलेला मागं एक पट्टा शिवून घेतला. चांभारानं का म्हणून विचारलं नाही, यानंही सांगितलं नाही. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला रुपयाएवढा एक फिकट डाग होता, तो त्यानं पाहिला होता आणि पाहिला नव्हता. आंघोळ करताना तिथून हात लवकर पुढं न्यायचा. डागाचा विचार आला की लहानपणची कोडोली आठवायची आणि कोडोली आठवली की चमनचाचा.

चमनचाचा पिंजारी होता. गावोगाव फिरून गाद्या भरायचा. त्याच्या धनुकलीचा आवाज गल्लीच्या टोकाला आला की पोरं धावायची. एक दिवस विडी ओढता ओढता त्याची दोन बोटं भाजली आणि त्याला ती भाजल्याचं मांस करपल्याच्या वासावरनं कळलं. मग गावात बोलणं सुरू झालं. रगतपिती, महारोग. ओढ्यापलीकडच्या एका पडक्या छपरात त्याची सोय केली गेली. सोय हा शब्द घरातली मोठी माणसं वापरायची. बाबालालची आई इमामबी त्याच्या हातात भाकरी द्यायची, ती ओढ्याकाठच्या एका दगडावर ठेवायची आणि मागं सरायचं. चाचा लगेच पुढं यायचा नाही. पोर लांब जाईपर्यंत छपराच्या सावलीत उभा राहायचा आणि तिथनंच विचारायचा, आज शाळंत काय शिकिवलं? बाबालाल ओरडून सांगायचा. पाढे सांगायचा, नद्यांची नावं सांगायचा. चाचा ऐकून मान हलवायचा. त्याचा चेहरा आता आठवत नव्हता, फक्त ते अंतर आठवत होतं, मधलं गवत, आणि ओरडून बोलावं लागायचं ते. पुढं एका उन्हाळ्यात छप्पर रिकामं दिसलं. मिरजेकडं गेला म्हणे, कुणी म्हणालं. घरात कुणी अधिक विचारलं नाही.

जोतीराम दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन आला. बाबालालनं त्याला नको म्हणून निरोप धाडला होता, मीच करतो म्हणून. पण जोतीराम उद्यमनगरातला गाडी-मिस्त्री, पोरवयात दोघं एकाच गॅरेजात एकाच उस्तादाच्या हाताखाली वाढलेले, आणि गिअरबॉक्स एकट्यानं उतरत नाही हे दोघांनाही माहीत. त्यानं गाडी अंगणात ओंडक्यांवर चढवली, खाली पोतं टाकलं, आणि दिवसभर दोघांनी मिळून गिअरबॉक्स खाली घेतला. क्लचप्लेट झिजून तिचे रिबेट वर आले होते. रिलीज बेअरिंग फिरवलं की दळणासारखं वाजत होतं. पण जोतीरामनं खालचा सिलिंडर सोडवून हातात घेतला आणि त्याचं रबरी टोपण बोटानं ओढून काढलं, तेव्हा आत काळं तेल साचलेलं होतं आणि रबर एका बाजूनं फाटलेलं होतं. “हे बघ,” तो म्हणाला, “पेडल दाबलं की समदा दाब हिकडनं बाहेर. क्लच सुटणार कसा?” बाबालालनं ते रबर त्याच्या हातातनं घेतलं. फाटलेल्या जागी बोट फिरवलं, परत फिरवलं. दोष इथं होता, ह्या बोटाएवढ्या रबरात. हातात धरता येत होता, टाकून देता येत होता. त्यानं जोतीरामला जेवायलाच बसवलं, बायकोला, कुलसुमला, अंडी करायला सांगितली, जेवताना उस्तादाच्या जुन्या गोष्टी काढल्या. कुलसुम वाढता वाढता त्याच्याकडं बघत होती. इतकं तो बऱ्याच दिवसांत बोलला नव्हता. वाईट एवढंच, की त्या हसण्याच्या आत कुठंतरी त्याचं त्यालाच ठाऊक होतं: रबर फाटलं होतं हे खरं, पण रबर फाटलं म्हणून पाय शहाणा ठरत नाही.

नवी प्लेट, नवं बेअरिंग, वर-खाली दोन्ही सिलिंडरांत नवी रबरं, असं सगळं बसून गिअरबॉक्स वर चढला तोवर तिसरा दिवस कलला होता. राहिलं होतं ते फक्त हवा काढायचं. वरच्या डबीत नवं तेल ओतलं, पण नळीत हवा असेपर्यंत पेडल पोकळच लागतं. दाबलं तर हवाच दबते, पलीकडं जोर पोचत नाही. त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली झोपून सिलिंडरवरचा निप्पल सैल करायचा, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडू द्यायचे, निप्पल आवळायचा, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर गेलेली हवा परत आत. जोतीराम सरपटत खाली गेला. बाबालाल सीटवर बसला. हे काम त्यानं आयुष्यात कितीदा केलं असेल. खालनं जोतीरामचा आवाज आला, दाब. त्यानं दाबलं. धर, आवाज आला. त्यानं धरलं. खाली पाना फिरल्याचा आवाज, तेलाची चिळकांडी, आणि लगेच जोतीरामचं पुटपुटणं. सोडू नको म्हणालो न्हवं. मी कुठं सोडलं, बाबालाल म्हणाला. पुन्हा दाब, पुन्हा धर. पुन्हा तेच. संध्याकाळचं ऊन काचेतनं तिरकं त्याच्या मांडीवर आलं होतं. तो समोर बघत होता, बोरीच्या झाडाकडं, आणि सगळं लक्ष पायावर एकवटून बसला होता. मी दाबतोय. मी धरतोय. मांडी ताठ आहे, गुडघा ताठ आहे, मी सोडलेलं नाही. कसोटीला बसलेल्या माणसासारखा त्याला घाम फुटला होता.

“बाबालाल,” खालनं जोतीराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट उतरलेला होता. तो गाडीखालनं अर्धा बाहेर आला होता आणि उघड्या दारातनं आत बघत होता. तोंडावर, भुवईवर तेल ओघळलेलं. “पाय कुठं हाय तुझा?”

बाबालालनं खाली बघितलं. क्लचचं पेडल वर होतं, मोकळं. त्याचा पाय पेडलच्या शेजारी, पत्र्यावर होता. अंगठा मुडपून पत्रा दाबत होता, मनापासून, सगळ्या जोरानं. कितीतरी वेळ दोघंही त्या पायाकडं बघत राहिले, कुणीतरी तिसराच तिथं येऊन बसल्यासारखं. बाबालालला वाटलं, हा पाय आपला नाही असं म्हणावं, आणि ते खोटंही ठरणार नाही. जोतीरामनं बाहीनं तोंड पुसलं. तो अनाडी नव्हता. त्याच्याही गावात ओढा होता, ओढ्यापलीकडं छप्पर होतं. काय समजायचं ते तो समजला की नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. तो एवढंच म्हणाला, की तू दमलायस, उतर, वहिनीस्नी बसव.

कुलसुम चहा घेऊन दारात उभीच होती. ती आजवर त्या सीटवर बसलेली नव्हती. पदर खोचून चढली, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं, आणि पेडल कुठलं ते जोतीरामनं बोटानं दाखवलं. दाब म्हटलं की ती दाबत होती, धर म्हटलं की ओठ आवळून धरत होती, सोड म्हटल्याशिवाय सोडत नव्हती. बाबालाल कपबशी हातात घेऊन अंगणात उभा होता. खाली पत्र्याच्या डब्यात तेल बुडबुडे सोडत पडत होतं, आधी फेसाळ, मग कमी, मग एकसंध धार. कुलसुमचा अनवाणी पाय पेडलवर रुतलेला त्याला दिसत होता. टाचेच्या भेगा, जोडवी नसलेली बोटं, दाबताना पांढरी होणारी नखं. तिला लागतंय, त्याच्या मनात आलं. रबराची खाच तिच्या तळव्यात उमटत असणार. त्याला तिचा असा हेवा वाटला की तो तोंड फिरवून बोरीकडं बघत राहिला. “आता घट्ट लागतंय की,” ती आतनं म्हणाली. जोतीराम बाहेर आला, हात पुसले, गाडी सुरू करून अंगणातल्या अंगणात पुढं-मागं करून बघितली. गिअर लोण्यासारखा पडत होता. जाताना तो बाबालालच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. उद्याची बर्फाची फेरी मी मारून येतो, म्हणाला, गाडीची ट्रायल हुईल. बाबालालनं किल्ली त्याच्या हातात दिली. खांद्यावरचा हात जोतीरामनं काढून घेतला नव्हता. त्या हाताचं वजन बाबालालला नंतर बराच वेळ जाणवत राहिलं.

दिवेलागणीला कुलसुमनं चूल पेटवली आणि तो उंबऱ्यावर बसला. तेलानं माखलेले हात त्यानं भुशानं घासून काढले होते, तरी वास जात नव्हता. तो गप्प होता आणि तीही गप्प होती, आणि ही दोन गप्प बसणी वेगवेगळी आहेत असं त्याला आतापर्यंत वाटत होतं. मग ती चुलीकडं तोंड करूनच बोलायला लागली. थंडीत एकदा तो पाय धुवायला बसला होता, तिनं घाईत तपेलीतलं पाणी ओतलं. विसण घालायचं राहिलं होतं. पाणी वाफाळतं होतं, तिच्या हातावर थेंब उडाला तर ती चटका बसून मागं सरली, आणि तो पाय तिथंच ठेवून तिच्याशी लेकीच्या, सलिमाच्या, गोष्टी बोलत होता. त्या दिवसापासनं ती रोज त्याच्या चपला झाडून ठेवत होती, आत खडा-काटा असू नये म्हणून. तो झोपला की कंदील जवळ घेऊन तळवा बघत होती. त्याला वाटलं होतं, तो तिच्यापासनं लपवतोय. आणि ती लपवत होती त्याच्यापासनं, की तिला कळलंय.

त्याला आधी राग आला. झोपेत कुणीतरी अंगावरचं पांघरूण काढून बघावं तसा. मग त्यानं विचारलं, आणखी कुणाला सांगितलंस. तिनं सांगितलं, मोठ्या दवाखान्यात मंगळवारी त्या रोगाच्या गोळ्या देतात असं ऐकून ती महिन्यापूर्वी एकटीच गेली होती. नाव तिनं स्वतःचं सांगितलं. माझाच पाय बधिर झालाय म्हणाली, म्हणजे गोळ्या मिळतील आणि घरी आणून काहीतरी सांगून त्याला देता येतील. डॉक्टर तरुण होता. त्यानं तिच्या पायाला टाचणी लावून बघितली. लागतंय का विचारलं. ती न्हाई म्हणाली. परत लावली, परत न्हाई म्हणाली. “दात आवळून बसले हुते,” कुलसुम म्हणाली. “पर डोळ्यांस्नी पानी आलं. तर त्यो म्हनला, बाई, ज्याचा पाय हाय त्याला घिऊन या.”

चुलीत एक लाकूड सरकलं. बाबालालनं तिच्या पायाकडं बघितलं, मघाशी पेडलवर होता त्या पायाकडं, आणि मग बघवेना. सलिमा आठवली. तिला सातवा लागला होता, पुढच्या महिन्यात हातकणंगल्याहून बाळंतपणाला यायची होती. ती येऊ नये, तो म्हणाला. तिच्या सासरी कळव, अंगण धड नाही, पाण्याची अडचण आहे, काहीही कळव. कुलसुम म्हणाली, डॉक्टर म्हणाला गोळ्या चालू असल्या की लागण होत नाही, घरातच राहायचं, घरातलंच ताट. त्याला ते पटलं नाही. तो चमनचाचाच्या काळातला माणूस होता. गोळीनं ओढा आटतो हे त्याच्या मनात शिरत नव्हतं. नातवाला ओट्यावर ठेवलंय आणि आपण पलीकडं उभे राहून ओरडून बोलतोय, असं त्याला दिसत होतं. तो उठून बाहेर गेला. पिकअप अंगणात काळोखात उभी होती. दार उघडून तो सीटवर बसला, हातानं डावा पाय उचलून पेडलवर ठेवला, आणि दाबलं. मांडीला जोर कळला. गुडघ्याला कळला. गाडी दुरुस्त झाली होती. तो बराच वेळ तसाच पेडल दाबून बसला, आणि कुलसुम दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिला म्हणाला, उद्याच मंगळवार हाय ना.

सकाळी जोतीराम गाडी घेऊन गेला. ते दोघं एसटीनं गेले. बाबालाल खिडकीपाशी बसला होता आणि ड्रायव्हरनं गिअर बदलला की त्याची डावी मांडी आपोआप ताठ होत होती. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एका बाजूच्या खोलीपुढं बाकं होती. त्यावर बसलेली माणसं त्यानं बघितली: एक शाळामास्तरासारखा टोपीवाला, एक नवीन लग्न झालेली पोरगी, एक म्हातारा. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. त्याला वाटलं होतं तसं तिथं कुणी झडलेलं, भेसूर नव्हतं; आपल्यासारखीच माणसं होती, आणि त्यानं तो अधिकच घाबरला. डॉक्टरनं कुलसुमला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. त्यानं बाबालालला टेबलावर बसवलं, पट्ट्याची चप्पल काढायला लावली, पोटरीवरचा डाग बघितला, गुडघ्यामागची शीर बोटांनी चाचपली. काम काय करता विचारलं. गाडी चालवतो, बाबालाल म्हणाला. मग थांबून म्हणाला, चालवत हुतो. डॉक्टर म्हणाला, ते नंतर बघू, आता डोळे मिटा, मी पायाला टाचणी लावीन, लागली की नुसतं व्हय म्हणा.

बाबालालनं डोळे मिटले. अंधारात त्यानं सगळं लक्ष खाली नेलं, मांडीतनं, गुडघ्यातनं, पोटरीतनं, आणि घोट्यापाशी जाऊन ते थांबलं. बाहेर कुणीतरी खोकलं. तो वाट बघत राहिला. मग शेजारी उभ्या असलेल्या कुलसुमचा श्वास एकदम आत ओढला गेला, बारीक, कुणी चिमटा काढावा तसा, आणि त्याला कळलं की टाचणी लागून गेली. तेवढ्या आवाजावर त्याला व्हय म्हणता आलं असतं. प्रत्येक वेळी तिचा श्वास ऐकून तो बरोबर व्हय म्हणू शकला असता, गाडी परत मागू शकला असता, सलिमाला बोलावू शकला असता.

“न्हाई,” तो म्हणाला. “न्हाई लागली.”